दुसरी पाहुणी

टोपलीच्या तळाशी हात गेला, एक अळंबी वर आली आणि सूनबाईच्या पायाखालची जमीन सरकली. टोपीखालच्या चुण्या पांढऱ्याशुभ्र होत्या. खायच्या अळंबीच्या चुण्या गुलाबी असतात. ही पांढऱ्या चुण्यांची दिसायला तशीच, चवीलाही म्हणे छान, पण खाणारा त्यातून उठत नाही.

तिने ती मुठीत लपवली. समोरच्या फळवाल्याने पाहिलं नव्हतं. त्याचं लक्ष नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकाशी भांडण्यात होतं.

तशी एक अळंबी सकाळीच सापडली होती, पण तिचं काही वाटलं नव्हतं. सासूबाई रानातून अळंब्या आणायच्या आणि टोपलीत मुद्दाम एक विषारी दडवायच्या. बाजार उघडायच्या आत सुनेने ती शोधून काढायची. डोळा तयार राहावा म्हणून घराण्यात ही रीतच होती. सासूबाईंच्या सासूनेही त्यांना असंच छळलं होतं. त्या अळंबीला त्या ‘पाहुणी’ म्हणायच्या. “पाहुणी भेटली का गं?” असं विचारल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. आणि पाहुणी एकदा भेटली की सूनबाई निर्धास्त व्हायची, उरलेल्या टोपलीवरून नुसता हात फिरवायची. आजही तिने तेच केलं होतं.

पाहुणी एकच असायची. मग ही कुठून आली? आणि ही आली असेल, तर हिच्या बहिणी कुणाच्या घरी गेल्या? टोपली जवळजवळ संपली होती. गरोदर लेकीला सूप करून घालायचं म्हणून भरपूर अळंब्या नेणारी बाई तिला आठवली. कडेवर बाळ घेऊन आलेला शिंपी आठवला. त्याने तर घासाघीसही केली नव्हती.

तेवढ्यात गाइड पर्यटकांचा घोळका घेऊन आला. त्याचं भाषण सगळ्या बाजाराला पाठ होतं.

“इथे आधी गुरांचा बाजार भरायचा. तो आगीत जळाला, तेव्हा भाजीवाल्या बायकांनी दुसऱ्या दिवशी राखेवर चटया टाकून विक्री सुरू केली. हे लोखंडी छप्पर त्यानंतरचं. आणि मधोमध आहे ती आमची घंटा. बाजार उघडताना वाजते आणि मिटताना वाजते. अवेळी वाजली, तर समजायचं की कुणाच्या तरी मालात धोका आहे. मग आसपासच्या गल्ल्यांतले लोक चुलीवरचं भांडंसुद्धा उतरवून माल परत आणतात. आणि ज्याचा माल, त्याची जागा कायमची जाते. तो रिकामा कोपरा बघा. दूधवाल्याचा होता. माझ्या आजोबांच्या लहानपणी गेला, अजून तिथे कुणी बसत नाही.”

पर्यटकांनी रिकाम्या कोपऱ्याचे फोटो काढले. मग गाइड सूनबाईकडे वळला. “आणि हे बाजारातलं सगळ्यात जुनं दुकान! चार पिढ्या झाल्या, पण इथल्या अळंबीने कुणाचं साधं पोट दुखलं नाही.”

सूनबाई हसली. फोटोत तिचा एक हात पाठीमागे आला.

घोळका पुढे सरकताच ती मागच्या नळाकडे पळाली. वाटेत घंटेचा दोर लागला. त्याला हात लावायचं तिचं धाडस झालं नाही. आधी आईंना विचारू, असं तिने स्वतःला बजावलं. खरं तर ती फक्त भ्यायली होती.

सासूबाई उन्हात बसून रिकाम्या टोपल्या धूत होत्या.

“आई, आणखी एक निघाली हो. विकून झाल्यावर!”

सासूबाई खुदकन हसल्या. “निघाली ना? आज दोन घातल्या होत्या. एक मिळाली की तुझं लक्ष उडतं, मला काय कळत नाही होय? त्या वाकड्या झाडाच्या बुडाशी पाहुण्यांशिवाय दुसरं काही उगवतच नाही. तिथून डोळे मिटून काढते मी.”

सूनबाई मटकन ओल्या फरशीवर बसली. तिला रडू आलं, हसूही आलं, आणि सासूबाईंचा असा राग आला की समोरची ओली टोपली त्यांच्या डोक्यावर पालथी घालावी. गरोदर लेकीचं सूप शिजू दे. शिंप्याचं बाळ खुशाल जेवू दे. दोन घातल्या, दोन सापडल्या.

“जीव जायचा राहिला माझा, आई!”

“त्याशिवाय धडा मिळत नाही. दे बघू इकडे.”

सासूबाईंनी ओले हात पुसले. अळंबी उलटी करून नाकाजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. ऊन थेट तिच्या पांढऱ्याशुभ्र चुण्यांवर पडलं होतं.

“अगं वेडे, ही कुठली पाहुणी? ही तर चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “बघ की, कशी गुलाबी आहे! ठेव विकायला.”

सूनबाईने त्यांच्या हातातून अळंबी हिसकावून घेतली आणि ती धावत सुटली. कुणाच्या तरी बटाट्यांचा ढीग लवंडला, फळवाला ओरडला. तिने दोर दोन्ही हातांनी धरला आणि खांदे भरून येईपर्यंत ओढत राहिली.

सगळा बाजार चिडीचूप झाला. मापं हातातल्या हातात राहिली. गाइडचंही तोंड बंद झालं. त्या शांततेत मागच्या नळावरून सासूबाईंचा कळवळलेला आवाज आला.

“अगं बाई! कुणाचं गं दुकान उठलं हे?”