दाराआडून ऐकलेला शब्द

निजाम जाऊन कचेरीत उर्दूच्या जागी इंग्रजी येऊ लागली, त्या साली येडशीच्या बानूबाईला बघायला आले. मुलगी आत गेल्यावर कारकून असलेल्या नवरदेवानं, बब्रुवाननं, आपल्या बापाला एवढंच सांगितलं, "अप्रूव्ह." दाराआडून बानूबाईला ऐकू आलं, "अप्रूप." पुढं नवऱ्यानं कधी कौतिक केलं नाही, पण त्या एका शब्दावर तिनं संसार हसत ओढला.

लेक आठवीत गेली. पुस्तकातून मान वर करून तिनं विचारलं, "अण्णा, अप्रूव्ह म्हणजे काय वो?"

"मंजूर. चालंल, एवढंच. तुझ्या आईला बघून म्या हेच म्हणलं हुतं."

भाकरी थापणारा बानूबाईचा हात थांबला. "आन् अप्रूपाला इंग्रजीत काय म्हणत्यात वो?"

 

"कुणास ठाऊक," बब्रुवान म्हणाला. "त्यो शब्द मला कधी लागला न्हाय."