उतारावरची चाचणी

"ज्याला स्वतःच्या गाडीचे ब्रेक खोलता येत नाहीत, त्यानं आपला जीव भाड्यानं दिलाय असं समजावं," आमच्या वेल्श गल्लीतल्या एम्लिननं जाहीर केलं, आणि पहिल्याच बोल्टला पाना निसटून बोटं सोलून घेतली. मग पुढच्या चाकांच्या ब्रेकचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी आवळणारे लोखंडी चिमटे, साफसफाईसाठी चार दिवस त्याच्या बायकोच्या, ग्लेनिसच्या, स्वयंपाकघरात रविवारच्या मटणाशेजारी पडून होते.

पाचव्या दिवशी ते परत बसवून त्यानं ग्लेनिसला शेजारी घेतलं आणि गाडी उतारावर सोडली. उताराच्या टोकाला चॅपलची, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराची, दगडी भिंत आहे.

कॅलिपर बसवल्यावर निघण्याआधी ब्रेकचं पेडल चार-पाचदा दाबून घ्यायचं असतं, तेव्हा कुठे ब्रेक पकड घेतात. ते एम्लिन विसरला होता. पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला गेलं.

"एम्लिन, भिंत."

"दिसतेय मला."

"मग तिला सांग बाजूला व्हायला."

दुसऱ्या दाबाला गाडी नुसती कण्हली. तिसऱ्याला भिंतीपासून वीतभरावर थांबली. ग्लेनिसनं एकेक करून डोळे उघडले.



"ब्रेक आधीही चांगलेच होते गं, कॅलिपर काढले ते रंगवायलाच," एम्लिन म्हणाला. "तू फक्त उतरून जरा लांबून बघ, कॅलिपरला दिलेला लाल रंग चाकातून दिसतो का."