आईच्या हातचा

सत्यभामाबाईंनी सहाव्यांदा वाक्य अर्धवट सोडलं आणि मान फिरवली.

"लाजायचं काय त्यात?" गौरांग आईवर खेकसला. "एकच तर ओळ आहे. हा मसाला मी माझ्या हातानं करते. एवढंही जमून नाही राहिलं तुले?"

कमानिया गेटमागच्या त्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत पाट, खलबत्ता, सुक्या मिरच्या, दगडफूल असं सगळं मांडलं होतं. गौरांगनं ते सकाळीच बाजारातून आणलं होतं, शूटिंगपुरतं. दुकानातल्या काळ्या मसाल्याच्या पाकिटावर आईचा फोटो होता. आता त्याला आईचा व्हिडिओ हवा होता.

त्यासाठी प्रणालीला बोलावलं होतं. कॅमेऱ्याला बुजणाऱ्यांना बोलतं करणं हेच तिचं काम. दातांचे डॉक्टर, शिकवणीवाले, सराफ्यातले दोन सोनार तिनं बोलते केले होते. तिनं गौरांगला खाली जायला सांगितलं. तो गेला नाही. दारात जाऊन उभा राहिला.

"काकू, कॅमेरा बंद केला," प्रणाली म्हणाली. "आता नुसत्या गप्पा."

कॅमेरा बंद नव्हता. स्टँडवरचा मोबाइल तिनं थोडा तिरका केला होता, इतकंच. ही तिची नेहमीची युक्ती. आजवर त्यावरून तिच्यावर कुणी रागावलं नव्हतं.

तिनं विचारलं, आधी काय भाजायचं. सत्यभामाबाई सांगू लागल्या. खोबरं करपलं की सगळं वाया जातं, धणे हाताला हलके लागले की उतरवायचे. सांगता सांगता त्यांचे हात चालू लागले, चेहरा मोकळा झाला. प्रणालीला हवं होतं ते मिळत होतं. मग तिनं सहज विचारलं, आठवड्याला किती करता.

"मी कुठं करते? दोन वर्षं झाली. बाहेरून पोती येतात. हा पाकिटात भरतो."

गौरांग दोन ढांगांत आत आला. नको ते विचारायला तुला कुणी सांगितलं होतं, म्हणून तो प्रणालीवर तुटून पडला. रागात हिंदीवर आला. "दीदी, ये सब डिलीट करो. अभी, मेरे सामने."

प्रणालीनं त्याला समजावलं, तेवढंच कापता येईल. सांगतानाचे हात ठेवू, हसरा चेहरा ठेवू, आवाज दुसऱ्या कुणाचा घालू. कुणाला कळणार नाही.

"म्हणजे सुरूच होता?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

प्रणालीची नजर तिरक्या मोबाइलकडे गेली.

"याचं समजते मले. दुकान याचं आहे. पण पोरी, तू काहून खोटं बोलली?"

 गौरांगनं आईला गप्प बसायला सांगितलं. याच दुकानावर तुझी औषधं येतात, मग हा नखरा कुणाला दाखवून राहिली, असंही म्हणाला.

सत्यभामाबाईंनी हात पदराला पुसले. पाट कॅमेऱ्यासमोर ओढला, नीट बसल्या आणि मोबाइल सरळ करायला सांगितला. प्रणालीनं केला. आई ऐकेल असं वाटून गौरांगही मागे सरला.

"मी सत्यभामा," त्या थेट कॅमेऱ्यात बघत म्हणाल्या. कुठंच अडखळल्या नाहीत. "पाकिटावर माझाच फोटो आहे. आतला मसाला माझ्या हातचा नाही. रांझीच्या बाया दोन बस बदलून येतात, माझं तोंड पाहून नेतात. त्यांना सांगून राहिली मी."

गौरांगनं झडप घालून कॅमेऱ्यावर हात धरला. बंद कर, म्हणून तो प्रणालीवर ओरडला. तिचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथंच राहिलं.

स्क्रीनवर आता फक्त गौरांगचा तळहात होता, कडांना लालसर. त्याच्या मागून सत्यभामाबाईंचा आवाज स्वच्छ येत होता.