फुगडीचा जोर

उद्या नागपूरला गोल्फसंघाची निवड होती आणि पार्वताबाईंच्या नव्या सुनेचा, रूपालीचा चेंडू घरापुढच्या वावरात बांधावरच्या बाभळीपर्यंतही पोचत नव्हता. व्हिडिओकॉलवर सर ओरडले, “नुसते हात चालून राहिले तुझे! जोर पायातून येते, आधी कंबर वळव!” तिनं चोरून ओट्याकडे पाहिलं. तिथं सासरे पेपर वाचत होते; त्यांच्यासमोर कंबर कशी हलवायची? तुळशीला पाणी घालणाऱ्या पार्वताबाईंना ती नजर कळली. पदर खोचून त्यांनी तिचे हात धरले. “चाल, फुगडी घाल माह्यासंगं.” “आई, मामाजी बसले न!” “बसू दे. भुलाबाईच्या सणात मले फुगडी घालतानाच पसंत केलं त्यायनं.” पेपर वर सरकला. दोघी हसत गरगर फिरल्या. रूपालीनं गोल्फची काठी घेतली. आधी कंबर वळली, मागून हात. चेंडू बाभळीपार गेला. पेपराआडून आवाज आला, “पोरी, उद्या मीबी येतो पाहाले.”