'सोड' म्हणेपर्यंत

हुबळीच्या त्या गॅरेजात चन्नप्पा आणि धाकटा भाऊ निंगराज घराची वाटणी झाल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. क्लचमधली हवा काढताना मात्र इलाज नसे. गाडीखालून थोरला म्हणे, "दाब." पेडल दाबून धाकटा म्हणे, "दाबलं." मग चन्नप्पा तेलाच्या नळीच्या टोकाचं निपल सैल करून बुडबुडे काढी, परत आवळी आणि म्हणे, "सोड." ते ऐकल्याशिवाय निंगराज पाय उचलत नसे.

कालचं अर्धं काम उरकायला चन्नप्पा आज आधीच गाडीखाली शिरला. वर गाडीचं दार वाजलं.

"आली स्वारी," तो पुटपुटला. "दाब."

"दाबलं, अण्णा."

इतक्या वर्षांनी अण्णा. निपलमधून नितळ तेल आलं, एकही बुडबुडा नाही. निपल घाईनं आवळून, पुढचा शब्द विसरून तो बाहेर सरकला. सीटवर कोणीच नव्हतं.

फाटकातून निंगराजची बायको धावत येत होती. "भावजी, घरी चला. हे सकाळपासून उठेनात. अंग गार पडलंय."

चन्नप्पानं वाकून गाडीत पाहिलं.



क्लचचं पेडल खाली दाबलेलंच होतं. त्यानं अजून 'सोड' म्हटलं नव्हतं.