पिनकोडसकट

नवऱ्याने आपटून फोडलेला कॉम्प्युटर तिने घर सोडताना सोबत आणला, कारण त्यातला नव्या घराचा भाडेकरार वाचून तो तिथेही पोचला असता. ई-कचरा केंद्रातल्या कारकुनाने तिच्यादेखत हार्ड डिस्कला सात भोकं पाडली. “घ्या ताई, चाळणी झाली. आता देवालाही यातलं काही वाचता यायचं नाही.” कित्येक महिन्यांनी ती हसली. “डिस्क नष्ट केल्याच्या प्रमाणपत्राचा अर्ज भरा, कॉम्प्युटरचं मूळ बिल जोडा. पत्ता पिनकोडसकट, आमच्याकडे अर्धवट काम नसतं.” “बिल नवऱ्याच्या नावावर आहे.” “चालतं हो.” तिने सुवाच्य अक्षरात सगळं भरून दिलं. चौथ्या दिवशी बेल वाजली. दारात नवरा होता, हातात शिक्क्याचा कागद. “बिलावर ज्याचं नाव-पत्ता, त्याच्याच घरी प्रमाणपत्र पाठवतात म्हणे, अर्जाच्या प्रतीसकट. अक्षर अजून छान आहे तुझं.” आत येऊन त्याने दाराला कडी लावली.