कुवाद

रिपोर्ट बघता बघता डॉक्टर अलीजा हसल्या, आणि हर्षलला पटलं, की आता आपलं काही खरं नाही. मरणाऱ्या माणसाशी डॉक्टर हसूनच बोलतात, असं त्याने ऐकलं होतं.

महिनाभर तो सकाळी उठला की ओकत होता. लसणाच्या फोडणीचा वास आला की घरातून पळ काढत होता. देऊळघाटच्या मळ्यात वांगी तोडता तोडता त्याला मधेच चिंच खावीशी वाटे, आणि चिंच तोंडात टाकली की उगाच रडू येई. चांगला धडधाकट बाप्या, पार चिपाड झाला होता.

रोगाचं एक वेळ सोडा, घरातल्या दोन बायांनी त्याला जास्त घाबरवलं होतं. तो दारात आला की आई सत्यभामाबाई आणि बायको अनुपमा बोलता बोलता गप्प होत. अनुपमा कशावरूनही डोळ्याला पदर लावी. आईने तिला मळ्यात यायची बंदी केली होती. ओकतोय पोरगा, आणि दूध-तूप सुनेला! परवा तर आई त्याला न सांगता शेगावला जाऊन आली आणि प्रसादाची पहिली चिमूटही सुनेच्याच हातावर ठेवली. हर्षलने आपल्या परीने अर्थ लावला. यांना सगळं कळलंय. आपल्यामागे मळा आणि म्हातारी हिलाच सांभाळायची आहे, म्हणून आई आत्तापासून तिच्या अंगात ताकद भरते आहे. बरोबरच आहे म्हातारीचं, असंही त्याला वाटलं. मग तो गोठ्यात जाऊन ढसाढसा रडला.

आताही पेशंटच्या स्टुलावर आईने अनुपमाला बसवलं होतं. पेशंट उभाच.

"मॅडम, काय असंल ते सांगून टाका," हर्षल म्हणाला. "मर्द माणूस हाय मी. मले झेपते." बोलता बोलता त्याला हुंदका आला.

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा स्टुलावरच्या अनुपमाकडे. अनुपमाने मान खाली घातली.

"रिपोर्ट सगळे चांगले आहेत. तुम्हाला जे झालंय, त्याला कुवाद म्हणतात."

"कुवाद!" हर्षलने भिंत धरली. कावीळ ऐकली होती, कॅन्सर ऐकला होता. हे तर त्यांच्याही वरचं दिसत होतं. "किती दिवस हायेत मॅडम मायाजवळ?"

"सात महिने धरा. पण आधी शब्द तर समजून घ्या." डॉक्टर अलीजांना शब्दांचा भारी नाद. गोळीबरोबर रोगाच्या नावाची जन्मकथा सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "फ्रेंच लोकांचा शब्द आहे हा. कोंबडी अंड्यांवर बसते, जागची हलत नाही, दाण्याला तोंड लावत नाही. अशा कोंबडीला तुम्ही काय म्हणता?"

"खुडूक."

"त्या उबवण्यावरूनच हे नाव पडलं. तुम्ही खुडूक बसलाय, भाऊ."

हर्षलचं डोकंच फिरलं. मरायला टेकलेल्या माणसाची अशी टिंगल करतं का कोणी? "ओ मॅडम, मस्करी काऊन करून राह्यल्या? खुडूक बसाले अंडं लागते. कुठाय अंडं?"

मग स्टुलावरून हळूच आवाज आला.

"मायाजवळ हाय," अनुपमा म्हणाली.

हर्षल बघतच राहिला. आधी तिच्याकडे, मग आईकडे.

"मंग काय करू मी?" सत्यभामाबाई उसळल्या. "मांगच्या दोन्ही टायमाले तू दुसऱ्याच दिवशी गावभर पेढे वाटले. अन् दोन्ही टायमाले पोटातलं गेलं. तुह्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हून म्हटलं, तिसरा महिना सरेलोक तुले कळूच द्याचं नाही." त्यांनी त्याच्या पोटाकडे बोट केलं. "पन तुह्या कानाले नाही सांगतलं, तं तुह्या पोटाले कोनं सांगतलं रे?"

"होतं असं," डॉक्टर म्हणाल्या; अनुपमाची तपासणीही त्यांच्याकडेच चालू होती. "बायकोला दिवस गेले की कधी कधी नवऱ्यालाही डोहाळे लागतात. सांगितलं नाही तरी मन ताडतं. आणि आजी, त्या दोन्ही वेळी पेढ्यांनी काही बिघडलं नव्हतं, बरं का."

"नसंल बिघडलं," सत्यभामाबाई म्हणाल्या, "तरी बी नाही सांगाचं."

हर्षल फरशीवरच बसला होता. आपण मरणार नाही, हे त्याच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. "सात महिने!" तो डोळे पुसत पुन्हा पुन्हा म्हणत होता. "सात महिने, अनुपमा!"

आईने तिथल्या तिथे त्याला गजानन महाराजांची आण घातली. तिसरा महिना सरेपर्यंत बाळाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्याने गळ्याला हात लावून कबूल केलं. पण दार उघडून बाहेर येईपर्यंत बातमी पार ओठांवर येऊन बसली होती.

बाहेर बाकड्यावर मोताळ्याचे गुलाबराव नंबराची वाट बघत, गुडघा चोळत बसले होते. सकाळपासून त्यांनीच या रडक्या पोराला धीर दिला होता. "काय निघालं रे बापू?" त्यांनी भीत भीत विचारलं.

हर्षलने मागे पाहिलं. आई डोळे वटारून उभी. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि एकदम त्याचा चेहरा फुलला.

"कुवाद!" तो ओरडला. "काका, मले कुवाद झाला!" त्याने कंपाउंडरला सांगितलं, मेडिकलवाल्याला सांगितलं, फाटकाबाहेरच्या ऑटोवाल्याला मिठी मारून सांगितलं. सत्यभामाबाई कपाळावर हात मारून घेत होत्या, पण आण काही मोडली नव्हती. कोणालाच काही कळलं नव्हतं.

नंबर आला तसे गुलाबराव लंगडत आत गेले.

"मॅडम," ते म्हणाले, "गुडघ्याचं राहू द्या. त्या पोराले जो रोग देला, तोच मले बी द्या."